सावलीतलं वळण

१७ नोव्हेंबर, रविवार

टायर आले! बसलेही!

रेसच्या ट्रॅकवर वापरतात ते. काळेभोर, मऊ, नक्षी जवळजवळ नाहीच. नख रुतवलं तर ठसा उमटतो. बसवणारा पोरगा हसून म्हणाला, "काका, रेस लावताय का कुणाशी?" मीही हसलो. काय सांगणार? दर रविवारी पंचविशीतली पोरं वळणावरून अशी सर्रकन निघून जातात आणि मी ब्रेक दाबत मागे. वर पोचतो तेव्हा त्यांचा चहा संपलेला असतो. "या काका, दमलात?" – हे ऐकायचा कंटाळा आला.

दुपारी बाइक आरे-वारेच्या चढावर घेऊन गेलो. ऊन मरणाचं. टायर रस्त्याला गोंदासारखे चिकटत होते! उतरून बघतो तर बारीक खडी चिकटलेली. असा आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

वाचलंय सगळं. हे रबर तापलं तरच धरतं, गार असेल तर नाही. मला कुणी शिकवायला नको – जन्म इंजिनरूममध्ये गेला. बाल्टिकमध्ये रबरी होस लाकडासारखे ताठ व्हायचे, वाकवले तर तडकायचे. पण रत्नागिरीत कसली आलीय थंडी? नोव्हेंबर अर्धा संपला तरी डोक्यावर पंखा गरगरतोय.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जयगडपर्यंत. दुपारी निघालो, मालगुंडच्या पुढे रस्ता मोकळा. ऋत्विकच्या पाठोपाठ होतो – पाठोपाठ! ग्रुपचा म्होरक्या तो. मोबाइलचं दुकान आहे त्याचं, बोलण्यात पटाईत. वर थांबल्यावर हेल्मेट काढून म्हणाला, "बाळाकाका, आज काय खाऊन आलात?" सगळी माझ्या गाडीभोवती जमली. मृणालीने टायरवर अंगठा दाबून पाहिला. "काका, हे तर च्युइंगमसारखं आहे!"

मृणाली एकटीच मुलगी ग्रुपमध्ये. शिरगावची. नॉटिकलचं शिक्षण पुरं झालंय, फेब्रुवारीत कॅडेट म्हणून जहाजावर चढायची आहे. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. येताना घरी आली, चहा घेतला, जहाजाबद्दल हजार प्रश्न. पहिल्या दिवशी उलट्या होतात का? बायकांना केबिन वेगळी मिळते का? घरची आठवण आली की काय करायचं?

"काही करायचं नाही," म्हटलं. "घड्याळ बघायचं आणि ड्यूटीवर जायचं."

"तुम्ही तेच करायचात?"

"हो."

"मग आता काय करता?"

बिस्किटं आणायला आत गेलो.

ती गेल्यावर मोरीत दोन कप. एक धुतला, एक तसाच ठेवला. का, ते माहीत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

समीक्षाचा फोन. गोळ्या घेताय ना, वीजबिल भरलंत का, पुण्यात गारवा सुरू झालाय. ईशा ऑफिसात. ठेवते.

मी रिटायर होऊन आलो आणि वर्षभरात ती लेकीकडे, ईशाकडे, पुण्याला राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. बॅग भरताना म्हणाली होती, "अहो, राग मानू नका. तुम्ही सुट्टीवर यायचात ते बरं होतं. आता रोज घरात कोणीतरी पाहुणा असल्यासारखं वाटतं." मी राग मानला नाही. पाहुणा तर पाहुणा. पण पाहुणा राहिला आणि घरचे गेले, असं कुठे असतं का?

३० नोव्हेंबर

बांगडे आणले. एकट्यापुरते आणायला गेलं की कोळीण तोंडाकडे बघते.

८ डिसेंबर, रविवार

पंखा बंद! पहाटे पांघरूण ओढावं लागलं. शेजारचे आंबेवाले खुशीत – मोहोर येणार, थंडी हवीच होती म्हणाले. मी गाडी बाहेर काढून टायरला हात लावला. जरा कडक वाटला. ऊन आल्यावर नीट झाला.

आज राइड नाही, ऋत्विकच्या घरी कार्य. पुढच्या रविवारी आंबा घाट. सहाला हातखंब्याला जमायचं. सहा म्हणजे लवकर. पण "काका येणार ना?" असं त्याने ग्रुपवर नाव घेऊन विचारलं. नाव घेऊन!

येणार म्हणून टाकलं.

१५ डिसेंबर, रविवार

पडलो.

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

हातखंब्याहून निघालो तेव्हा बोटं बधिर. पाली, नाणीज, सगळीकडे धुकं. रस्ता सरळ, गाडी मस्त. साखरप्याला चहाला थांबलो, पोरांनी गप्पांत वेळ काढला. तेवढ्यात टायर पार निवले असणार. मला हे कळायला हवं होतं. कळत होतंच. सरळ रस्त्यावर टायरचा फक्त मधला पट्टा तापतो. गाडी आडवी केली की टेकते ती कड. ती कड सकाळपासून गारच.

ऋत्विक म्हणाला, "वर भेटू!" आणि निघाले सगळे. मी शेवटी. मृणाली आज नव्हती, मावसबहिणीचा साखरपुडा.

सकाळी आमच्या बाजूच्या घाटात ऊन येतच नाही. डोंगर उगवतीला, सावली आमच्या अंगावर. रस्ता दवाने काळा. तिसरं की चौथं वळण असेल. गाडी झुकवली, वेग काही फार नव्हता, आणि मागचं चाक गेलं! साबणाच्या वडीवर पाय पडावा तसं. धरणं नाही, इशारा नाही. मी एकीकडे, गाडी दुसरीकडे. घसरत गटारापर्यंत.

मग एकदम शांत. इंजिन बंद. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

उठून बसलो. कोपर फाटलं, कमरेत कळ. टायरला हात लावला. कडेचं रबर दगडासारखं. नख दाबलं तर ठसाच उमटेना.

वाटलं, आता येतील. मागे काका दिसत नाहीत म्हणून कुणीतरी वळेल. बसून राहिलो. एक ट्रक गेला, एस.टी. गेली. मग खिशात फोन थरथरला. ग्रुपवर फोटो. घाटमाथ्यावर सगळे, हातात वाफाळत्या मिसळीच्या प्लेटा. खाली ऋत्विकने लिहिलेलं – "आजची राइड! सगळे सुखरूप वर!"

सगळे.

मी तो फोटो मोठा करून बघितला. स्वतःला शोधत होतो. खरंच! गटाराच्या काठावर बसून मी फोटोत स्वतःला शोधत होतो.

खालून येणाऱ्या टेंपोवाल्याने गाडी उचलायला मदत केली. "एकटेच आहात का?" विचारलं. हो म्हटलं. जीव मुठीत धरून घरी आलो.

दिवसभर फोन जवळ ठेवला. कुणाचा नाही. शेवटी त्या फोटोला मीही अंगठा टाकला.

१६ डिसेंबर, सोमवार

अंग ठणकतंय. कमरेवर वांग्यासारखा काळानिळा डाग.

मृणाली आली. दारातूनच, "काका, काल फोटोत दिसला नाहीत?"

एवढ्या पोरांत हिच्याच लक्षात आलं, आणि ही तर तिथे नव्हतीच!

म्हटलं, "पंक्चर झालं. साखरप्याहून परत फिरलो."

"आणि कोपराला काय?"

"अंगणात गाडी स्टँडवरून पडली, सावरायला गेलो."

"जपा हो. आणि टायर? घाटात कसे वाटले?"

"एक नंबर!"

का बोललो असं? कारण पडलो म्हटलं असतं तर तिने ग्रुपवर सांगितलं असतं, काळजीनेच. मग ऋत्विक – "काका, तुम्ही आता कारने या, आम्ही वर भेटतो." पोरं प्रेमाने काढून टाकतात माणसाला. मग रविवारी मी काय करू? सोमवार ते शनिवार काही करत नाही ते ठीक आहे. पण रविवारी?

२२ डिसेंबर, रविवार

गेलो नाही. सर्दी आहे असं कळवलं. कुणीतरी "गेट वेल सून काका" टाकलं, त्याखाली पाच जणांनी तेच.

दुपारी भाट्याच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. भरती होती.

२९ डिसेंबर, रविवार

ट्रॅकचे टायर काढले. जुने साधे परत बसवले. अंगणात काम चाललं होतं तेवढ्यात मृणाली आली, आईने पाठवलेले घावणे घेऊन.

"अहो काका, काढलेत? का?"

"आता वय झालं. साधे बरे."

"मग मला द्या ना! आपलं माप एकच आहे. जहाजावर चढण्याआधी एकदा कोल्हापूरकडच्या ट्रॅकवर जायचंय. तिथे हेच लागतात."

ट्रॅकवर, म्हणजे दुपारच्या उन्हात – तिथे हे टायर चांगलेच. त्यांची जागाच ती. म्हटलं, "घेऊन जा. भेट समज."

ती उडालीच! "काका, खरंच?" मला इतकं बरं वाटलं. कुणाला काही देऊन किती दिवस झाले.

तोंडावर आलं होतं – थंडीत रस्त्यावर घालू नकोस हं. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता. का? काय झालं? म्हणून म्हटलं, "जपून चालव." सगळेच म्हणतात ते.

घावणे छान होते.

५ जानेवारी, रविवार

कडाक्याची थंडी. म्हणजे आपल्याकडची. ईशाने कुरियरने स्वेटर पाठवला. मोठा होतो. बहुतेक तिच्या आठवणीतला बाबा जाडा आहे.

तिला फोन लावला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे, करते नंतर." रविवारी मीटिंग? असेल.

११ जानेवारी, शनिवार

ताप आहे. उद्या जात नाही म्हणून कळवलं.

संध्याकाळी मृणालीचा मेसेज – "काका टायर बसवले!!! उद्या आंबा घाट!" आणि गाडीचा फोटो. हात कमरेवर ठेवून उभी आहे, मागे आई दारात.

लिहिलं – उद्या नको घालून जाऊस. पुसलं.

लिहिलं – मी त्या टायरवरून पडलो होतो. पुसलं. ती म्हणेल, तेव्हा एक नंबर म्हणालात की. मग ग्रुपला कळणार, महिनाभर खोटं बोलत होतो ते.

पाठवलं – "सांभाळून."

तिकडून हसरा चेहरा आला.

ऊन वर आल्यावर घाटात शिरतील बहुतेक. सहाला निघायचं म्हणतात, पण उशीर करतातच पोरं. आणि ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. कितीतरी चांगली.

१२ जानेवारी, रविवार

झोप नव्हतीच. उजाडायच्या आधी उठून तिला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. ऋत्विकलाही लावला. गाडीवर असणार सगळे, कोण उचलणार!

स्वेटर घातला, गाडी काढली. अंगात ताप. नाणीजपर्यंत मनात वाक्यं जुळवत गेलो – अगं थांब, हे टायर थंडीत धरत नाहीत, मी पडलोय. किती सोपं होतं! एका श्वासात होणारं वाक्य.

साखरप्याला चहावाला म्हणाला, "आत्ताच गेले की तुमचे लोक."

माझ्या वळणाच्या एक वळण अलीकडे ती होती.

गाडी कठड्याला अडकलेली. मृणाली रस्त्याच्या कडेला पाठीवर, उजवा पाय भलत्याच दिशेला. शेजारी ऋत्विक गुडघ्यावर, तोंड पांढरंफटक. फोनला रेंज नव्हती. मला बघून तो रडायलाच लागला. त्याला म्हटलं, "वर जा, रेंज मिळेल तिथून अँब्युलन्सला फोन कर. पळ!" दुसऱ्या पोराला खालच्या वळणावर गाड्या थांबवायला पाठवलं.

मी तिच्याजवळ बसलो. स्वेटर काढून तिच्या अंगावर घातला. दातावर दात वाजत होते तिचे.

"काका, चाकाने धरलंच नाही हो. मी जोरात नव्हते. शप्पथ."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला कसं माहीत?"

मग सांगितलं. "मी पण पडलो होतो. पुढच्याच वळणावर. डिसेंबरात."

"फोटोत नव्हतात त्या दिवशी?"

"हो."

मला वाटलं आता ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "कुणीच आलं नाही तुमच्यासाठी?"

तिने पाणी मागितलं. दोन घोट पाजले, मग वाटलं, ऑपरेशन असेल तर पाणी द्यायला नको होतं.

अँब्युलन्स यायला खूप वेळ लागला. तोवर तिने माझं बोट धरून ठेवलं होतं. मी तिचं नाही, तिने माझं.

१३ जानेवारी, सोमवार

ऑपरेशन झालं. मांडीत रॉड, गुडघ्याचंही काम करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, चालेल ती, पण वेळ लागेल. मी म्हटलं, फेब्रुवारीत जहाज आहे तिचं. ते म्हणाले, "या वर्षी विसरा. पुढे मेडिकलला गुडघा कसा ठरतो, ते आज कोण सांगणार?"

तिची आई, सावित्रीवहिनी, बाकावर बसून होत्या. रडत नव्हत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत मृणालीचे नवे बूट – पायाला लागतील म्हणून घाईत काहीही घेऊन निघालेल्या. "भावजी, बोटीवरचा पांढरा गणवेश मीच शिवणार होते. मापं घेतलीत," म्हणाल्या. "तिथे तयार मिळतो म्हणे, पण हौस."

त्यांना सांगणार आहे. ऋत्विकला नंतर, ग्रुपला नंतर, आधी त्यांना. त्यांच्या तोंडावर सांगायचं – टायर मी दिले, मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. मग त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं.

समीक्षाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगा त्यांना. जेवलात का?"

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वॉर्डात नर्सने तीळगूळ दिला. नातेवाइकांची गर्दी, ग्रुपची पोरं, ऋत्विकने फुलं आणलेली. बोलता आलं नाही. मृणाली औषधाच्या गुंगीत.

उद्या सकाळी लवकर जातो.

१५ जानेवारी, बुधवार

सावित्रीवहिनी बाहेर एकट्याच होत्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "भावजी, सगळं सांगितलंन हो तिनं. तुम्ही बजावलं होतंत, थंडीत हे टायर घालून घाटात जाऊ नको म्हणून. ऐकलंन नाय माझ्या बायनं. आणि तुम्ही तापात उठून तिच्यामागं गेलात! सख्खा असता तरी कुणी केलं नसतं."

उघड्या दारातून मृणाली दिसत होती. जागी. माझ्याकडेच बघत होती. तिने मान हलवली – सांगू नका.

"बजावलं होतंत ना, भावजी?"

मी हो म्हटलं.